ज्वारीएवढा विषय

गेल्या वर्षीच्या आषाढात मी एक दोनशे पानी वही आणली आणि तिच्या पहिल्या पानावर 'लिहिण्याजोगे विषय' असे शीर्षक घालून खाली अकरा ओळी लिहिल्या. प्रवास, पुस्तके, गच्चीवरची बाग, मुलांचे वाढणे, पुण्यातले जुने वाडे, नोकरी करणाऱ्या बाईचे स्वयंपाकघर, अशा त्या ओळी होत्या. दर आठवड्याला एक लेख लिहायचा आणि तो लोकांसमोर ठेवायचा, असे मी ठरवले होते. वेळ मिळाला की लिहीन, असे म्हणत वीस वर्षे गेली होती. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि ती सबबही उरली नाही. विषय मात्र एकच निवडायचा होता. जो सगळ्यावर लिहितो त्याच्याकडे वाचक एकदा येतो, पण पुन्हा कशासाठी यायचे हे त्याला कळत नाही, हे मला वाचक म्हणून माझ्याच सवयीवरून ठाऊक होते. मी ज्यांचे लेखन वर्षानुवर्षे शोधून वाचते, त्या प्रत्येकाचे एकेक ठाणे आहे: कोणी कीटकांवर लिहितो, कोणी जुन्या नाण्यांवर, कोणी मोडी कागदांवर. त्यांच्या नावासरशी त्यांचा विषय आठवतो आणि तो विषय कुठे दिसला की त्यांचे नाव आठवते.

सुरुवात मी प्रवासाने केली, कारण प्रवासाचे लेखन सगळ्यांना आवडते असे सगळे सांगत होते. चार लेख लिहून झाले. त्यांतला हंपीवरचा लेख महिन्याने पुन्हा वाचायला घेतला तेव्हा हातात तांबडी पेन्सिल होती. एका पानावर सात विशेषणांखाली रेघा पडल्या: विलोभनीय, नयनरम्य, भव्य, अप्रतिम, आणि अशीच आणखी तीन. विठ्ठल मंदिरासमोरच्या दगडी रथापुढे मी दोन तास बसले होते, पण त्या रथाच्या चाकावरच्या नक्षीला काय म्हणतात, मंडपाच्या खांबाच्या कोणत्या भागाला कोणते नाव आहे, तो दगड कोणत्या जातीचा, यांपैकी एकही गोष्ट मला नेमक्या शब्दात सांगता येत नव्हती. शब्द नव्हते म्हणून विशेषणे आली होती. जे दिसले ते मला मनापासून आवडले होते, यात शंका नाही. पण केवळ आवडण्याच्या बळावर एखाद्या विषयाचे पन्नास लेख उभे राहत नाहीत, हे त्या पानाने मला दाखवले.

बागेवर दोन लेख झाले आणि माझ्या कुंड्या संपल्या. मुलांच्या वाढण्यावर मी लिहायचे नाही असे ठरवले, कारण माझ्या मुलीचे बालपण तिचे आहे. ते लोकांपुढे मांडण्याचा अधिकार माझा नाही.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने आस्थेने सल्ला दिला. तो म्हणाला, "मॅडम, लोक काय शोधतात ते आधी बघा. पैसे, तब्येत आणि रेसिपी. तुम्ही तर विम्यात बावीस वर्षं काढलीत, विम्यावरच लिहा ना." त्याच्या बोलण्यात तथ्य होते आणि मी त्यावर चार दिवस गंभीरपणे विचार केला. विम्याचे शब्द माझ्याकडे भरपूर होते. हप्ता, वारसनोंद, दावा, मुदतपूर्ती, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करणे, हे सारे मी झोपेतही सांगू शकते. तरीही हात चालला नाही, आणि का चालला नाही हे शोधताना मला एक गोष्ट उमगली. विम्याच्या बाबतीत माझ्याकडे उत्तरे होती, प्रश्न नव्हते. संध्याकाळी सहाला मी टेबल आवरते तेव्हा त्या विषयातले असे काहीही माझ्या सोबत घरी येत नाही, जे मला उद्या कोणाला तरी विचारलेच पाहिजे असे वाटते. ज्या विषयात शिकायची भूक उरलेली नाही, त्या विषयात शिकवता येते, परंतु लिहिता येत नाही. निदान मला येत नाही.

मार्गशीर्ष लागला तरी वही तशीच होती.

माझे माहेर मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यात आहे. आई तिथे दादा-वहिनींसोबत राहते आणि रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तिचा फोन येतो. त्या दिवशी मुलगी सुट्टीला घरी आली होती आणि फोन स्पीकरवर होता. आई म्हणाली, "यंदा चिकटा लई पडलाय गं. पोटरीत हाय तवरच पडला. निसवायच्या आत फवारलं न्हाय तर कडब्याला जनावर तोंड लावायचं न्हाय." मी नेहमीसारखी 'हो का, मग दादा काय म्हणतो' असे बोलत होते, आणि फोन ठेवल्यावर मुलगी म्हणाली, "आई, मला त्यातलं एक वाक्यसुद्धा कळलं नाही. पोटरी म्हणजे पायाची ना?"

मग मी तिला सांगायला बसले. ज्वारीच्या ताटाच्या, म्हणजे उभ्या धांड्याच्या, शेंड्याला शेवटच्या पानाच्या आवरणात कणीस गुंडाळलेले असते आणि तो भाग माणसाच्या पोटरीसारखा फुगतो, म्हणून ज्वारी पोटरीत आली असे म्हणतात. ते आवरण उकलून कणीस बाहेर आले की ज्वारी निसवली. पुढे फुलोरा येतो, दाण्यात दुधासारखा चीक भरतो, चीक घट्ट होऊ लागला की हुरडा होतो आणि हुरडा वाळला की दाणा टणक होतो. चिकटा म्हणजे मावा पडल्यावर पानांवर साचणारा गोडसर, चिकट थर. सकाळच्या उन्हात अशी पाने तेल लावल्यासारखी चकाकतात, आणि त्या पानांचा कडबा गुरे नाकारतात. मुलगी प्रश्न विचारत गेली आणि मी बोलत गेले. घड्याळात पाहिले तेव्हा पाऊण तास झाला होता आणि त्या पाऊण तासात एकही विशेषण मला लागले नव्हते.

ती झोपल्यावर मी वहीचे मागचे पान उघडले आणि ज्वारीचे जेवढे शब्द मला कोणाला न विचारता येतात तेवढे लिहायला घेतले. तिफण, चाडे, पाभर, घात, वापसा. कोळपणी, खुरपणी, पोंगा, पोंगेमर, काणी. राखण, माळा, गोफण. पेंढी, बुचाड, कणसे मोडणे. खळे, तिवडा, पात, मळणी, उफणणी, वावडी, रास. कडबा, सरमाड, वळई, धसकट. पेव, कणगी, पोते. जाते, काठवट, आधण, तवा, आहार, पापुद्रा. कण्या, आंबील, लाह्या, धपाटे. बारा वाजेपर्यंत त्र्याऐंशी शब्द झाले, आणि ते आठवायला मला कुठे थांबावे लागले नाही, कारण एका शब्दाला धरून पुढचा येत होता. पहिल्या पानावरच्या अकरा विषयांपैकी एकाही विषयात मी पंचवीस शब्दांपुढे गेले नसते.

विषय निवडताना आपण आवड पाहतो, मागणी पाहतो, आपल्याला किती माहिती आहे तेही पाहतो. आपल्या बोलीतले शब्द कुठे दाट आहेत, हे मात्र पाहायचे आपल्याला सुचत नाही. शब्द दाट असतात तिथे आपले लक्ष वर्षानुवर्षे गेलेले असते, आणि ते लक्ष नुसते आपले एकट्याचे नसते, आपल्या आधीच्या तीन-चार पिढ्यांचेही असते. वावडी म्हणजे उफणताना उभे राहायची तिवई हे मला कोणी शिकवलेले नाही. ती वस्तू माझ्या लहानपणी गोठ्यात पडलेली असायची आणि तिच्यावर बसू नकोस म्हणून आजी ओरडायची.

तरीही मी लगेच 'ज्वारी' असे ठरवले नाही. आधी मनात 'शेती' आले, आणि ते मी त्याच आठवड्यात सोडून दिले. मला ऊस ठाऊक नाही, द्राक्ष ठाऊक नाही, कांद्याच्या चाळीची हवा कशी राखतात हे मी कधी पाहिलेले नाही. 'शेती' असा विषय घेतला असता तर पाच लेखांपैकी चार मी इतरांचे वाचून लिहिले असते. मग 'आपले अन्न' असा विषय घेऊन पाहिला. त्यातही तेच झाले. खरी अडचण दुसऱ्या टोकाला होती. विषय ज्वारीएवढा लहान केला तर तो पुरेल का? आईला विचारले तेव्हा ती हसली नाही, पण तिला मनापासून नवल वाटले. "ज्वारीवर काय लिवतीस? पेरायची, काढायची आन् खायची. सांगून किती सांगशील?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून मला सलीम अलींची गोष्ट आठवली, आणि ती मी त्या दिवसांत स्वतःला अनेकदा सांगितली. 1930 च्या सुमाराला ते जर्मनीत शिकून परतले तेव्हा त्यांच्या हाताला नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला ते राहायला गेले आणि तिथे जवळच असलेल्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर पावसाळ्यात दिवसचे दिवस बसले. साऱ्या पक्ष्यांचा नव्हे, एका जातीच्या पक्ष्याचा, आणि त्यातही फक्त त्याच्या घरट्याचा आणि विणीचा अभ्यास. नाव सुगरण असले तरी घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला ते पसंत पडले तर ती त्याचा ताबा घेते, आणि नर ते पुरे करून दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी पाहिले आणि 1931 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात मांडले. त्या निबंधाने त्यांचे नाव झाले. ते घरटे खूप जणांनी झाडाला लटकताना पाहिले होते. त्याच्यासमोर तेवढा वेळ बसायला फार थोडे तयार होते. आमच्या शेतात सुगरणी कणसांवर उतरत आणि आम्ही गोफण फिरवून त्यांना हाकलत असू, पण त्यांचे घरटे कोण विणते हे पाहायला आमच्यातले कोणी थांबले नव्हते.

मग मी ज्वारी किती पुरते ते मोजायला बसले. प्रथम नावेच घेतली. आम्ही सोलापूरकडचे लोक ज्वारी म्हणतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे रब्बीच्या ज्वारीला शाळू म्हणतात. कितीतरी ठिकाणी जुनी माणसे अजून जोंधळा म्हणतात. आणि खानदेशात रब्बीची ज्वारी म्हणजे दादर. त्याच खानदेशात ज्वारीत उडीद घालून दळतात आणि त्या कळण्याच्या भाकरीला ठेच्याची जोड लागते. हुरड्याच्या ज्वाऱ्या पुन्हा निराळ्या: गूळभेंडी, सुरती, कुचकुची. एकेका नावाला एकेक प्रदेश लागून आला होता, आणि मी अजून आमच्या तालुक्याबाहेर पाऊलही ठेवले नव्हते.

आमच्या तालुक्यात तर विषय जमिनीतच होता. मंगळवेढ्याची ती काळी, खोल, भेगाळणारी जमीन पावसाळ्यात पेरत नाहीत. पावसाळा संपत आला, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला वापसा आला, म्हणजे जमीन पेरण्याजोगी झाली, की मालदांडी ज्वारी पेरतात, आणि पुढे ते पीक वरच्या पावसावर कमी आणि जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर जास्त वाढते. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' असे आजी म्हणायची, कारण पेरणीनंतरचा तो एक पाऊस म्हणजे वरकड मिळकत. आमच्याकडची माणसे ज्याला नुसते 'पस्तीस-एक' म्हणतात, तो मालदांडी 35-1 हा वाण 1930 च्या दशकात शेजारच्या मोहोळ येथील संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला आहे. त्यानंतर कितीतरी सुधारित वाण आले, 1964 मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी आली, खरिपात 'हायब्रीड' पसरली, परंतु आमच्या काळ्या रानात रब्बीला पस्तीस-एक टिकून राहिली. याचे कारण विचारले तर दादा दाणा सांगत नाही, आधी कडबा सांगतो आणि मग भाकरीची चव. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा गावात पेढे वाटले नाहीत, पण आईने मला मुद्दाम फोन करून ती बातमी सांगितली होती.

आणि ज्वारीच्या आठवणी नुसत्या सुगीच्या नाहीत. 1972 च्या दुष्काळात आई बारा वर्षांची होती. आजीबरोबर ती दुष्काळी कामावर जायची. रेशनवर तेव्हा 'मिलो' यायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. आई सांगते, "भाकरी लालभडक व्हायची आन् घशाखाली उतरायची न्हाय. पर आजी म्हणायची, नाव ठिवू नगा, ती आली म्हणून आपण हावोत." हे वाक्य मी त्या वहीत लिहिले त्या रात्री मला ज्वारी हा विषय लहान वाटेनासा झाला. ज्या मुलखाचे नाव पिढ्यानुपिढ्या ज्वारीचे कोठार म्हणून घेतले गेले, त्या मुलखातल्या मुलीने लाल परदेशी ज्वारी खाल्ली होती, आणि ती मुलगी माझी आई होती. मला हे आजवर ठाऊक होते, पण मी त्याबद्दल तिला एकही प्रश्न विचारलेला नव्हता.

पहिला लेख मी भाकरीवर लिहिला, आणि तोही भाकरीच्या फक्त एका क्षणावर: पिठात पाणी घालण्याच्या. आई उकळते पाणी घालते, सासूबाई कोमट घालायच्या, आणि मी दोघींचे पाहून दोन्ही करत आले होते. एका रविवारी मी तीन थाळ्या घेतल्या, प्रत्येकीत एकाच पोत्यातल्या, सकाळीच दळून आणलेल्या ज्वारीचे दोन-दोन मुठी पीठ घेतले आणि एकीत नळाचे पाणी, दुसरीत कोमट, तिसरीत उकळीचे आधण घातले. नळाच्या पाण्याचा गोळा हाताला वाळूसारखा लागत होता. थापायला घेतल्यावर तिसऱ्या फेऱ्यातच कडेला चिरा पडल्या आणि उचलताना तो मधोमध दुभंगला. कोमट पाण्याची भाकरी थापली गेली, पण तव्यावर टाकताना एका बाजूने फाटली. आधणाच्या पिठाला पहिले मिनिटभर हात लावता येईना, ते उलथन्याच्या टोकाने ढवळून झाकून ठेवले. मग तळहाताच्या टाचेने दाबून दाबून मळले तेव्हा ते हळूहळू मऊ होत एकजीव झाले, आणि थापताना भाकरी काठवटीत आपली आपण फिरू लागली. कड पातळ झाली तरी चिरली नाही. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले, ते सुकत आल्यावर उलटली, आणि मग विस्तवावर धरल्याबरोबर तिचा पापुद्रा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत असा सुटला की आत वाफ फिरताना दिसली.

त्यामागचे कारण मी वाचून काढले. गव्हात ग्लुटेन असते, त्यामुळे कणकेला ताण येतो. ज्वारीत ते नसते. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि त्याचा चिकटपणा हाच भाकरीला धरून ठेवतो. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे विरी." शिळ्या, फार दिवसांच्या पिठाची विरी जाते आणि मग कितीही आधण घातले तरी भाकरी तुटते. माझ्या यादीत त्र्याऐंशी शब्द होते, हा चौऱ्याऐंशीवा. तो मला ठाऊक होता, फक्त त्या रात्री आठवला नव्हता.

दुसऱ्या लेखात माझी चूक झाली. सुगीवर लिहिताना मी 'ज्वारीची कापणी' असे लिहून गेले, आणि लेख वाचून दादाचा फोन आला. "कापणी कुठली गं? आपल्यात ज्वारी कापत न्हाईत, काढत्यात. इसरलीस व्हय?" मला फार लागले. पुण्यात पंचवीस वर्षे राहून माझ्या हातून गेलेला तो शब्द होता, आणि त्या शब्दाबरोबर ती कृतीही गेली होती. मी रजा टाकली आणि माघात गावी गेले.

सकाळी सात वाजता आम्ही रानात होतो. थंडीने ताटांवर दव होते आणि मातीला भेगा पडलेल्या होत्या. काही भेगांत माझा पूर्ण तळवा गेला असता. बायकांनी तळहातांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. दोन्ही हातांनी ताट बुडाशी धरायचे, कंबरेतून मागे जोर द्यायचा, मुळासकट उपटायचे, मुळांना चिकटलेले ढेकूळ पायावर आपटून झाडायचे आणि ताट आडवे टाकायचे, असा तो क्रम. मला एक ताट उपटायला जेवढा वेळ लागत होता तेवढ्यात माझ्या शेजारची बाई चार टाकून पुढे सरकत होती. अर्ध्या तासात माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. कापत का नाहीत, असे मी तिला विचारले. ती न थांबता म्हणाली, "कापली तर बुडकी इतभर खाली ऱ्हाती. त्यो कडबा कुणी सोडायचा?" म्हणजे त्या एका शब्दात, कापण्यात आणि काढण्यात, गोठ्यातल्या जनावराचा वीतभर चारा होता. पावसाची खात्री नसलेल्या मुलखात ज्वारी जेवढी माणसासाठी पेरतात तेवढीच जनावरासाठी पेरतात, आणि एखाद्या वर्षी कणसात काही भरले नाही तरी कडबा घर तारून नेतो. हे मी कुठेही वाचून लिहिले असते तर ते एक माहितीचे वाक्य झाले असते. ते मला फोडासकट मिळाले.

या काळात एका नियतकालिकाच्या संपादकांशी माझे बोलणे झाले. त्यांनी लेख वाचले होते, भाषेचे कौतुक केले, आणि म्हणाले, "आरोग्याच्या अंगाने लिहा. मधुमेह, वजन, पचन. नुसत्या ज्वारीवर कोण वाचणार?" 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हापासून ज्वारीबद्दल बोलायची हीच एक रीत होऊन बसली आहे, आणि दुकानात ती चकचकीत पुडक्यांतून येऊ लागली हेही मला वाईट वाटत नाही, आमच्या शेतकऱ्याला त्याने दोन पैसे जास्त मिळाले तर मला आनंदच आहे. पण मी डॉक्टर नाही. कोणाच्या रक्तातल्या साखरेबद्दल मी एक वाक्य चुकीचे लिहिले आणि कोणी त्यावर विसंबून गोळी थांबवली तर त्याचे उत्तर मी देऊ शकणार नाही. शिवाय आमच्या घरात ज्वारी कोणी तब्येतीसाठी खाल्ली नव्हती. पोळी सणाला होती आणि भाकरी रोजची होती. जेवलास का, याऐवजी 'भाकरी खाल्ली का' असे विचारण्याचा तो मुलूख आहे. मी त्यांना नम्रपणे नाही म्हटले. विषय निवडताना त्याचे कुंपणही आपणच घालायचे असते, आणि माझ्या विषयाचे कुंपण दवाखान्याच्या अलीकडे आहे.

आता वही निम्मी भरली आहे. पहिल्या पानावरच्या अकरा ओळी मी खोडलेल्या नाहीत. मागच्या बाजूने मात्र प्रश्नांची यादी पुढे पुढे येते आहे, आणि एक लेख लिहून झाला की दोन नवे प्रश्न तिथे चढतात. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, रानात कडब्याची खोप करून पांडव का मांडतात आणि सीमेपलीकडचे कानडी शेतकरी तोच सण कसा करतात. खळे मोडले, मळणीयंत्र आले, तेव्हा उफणणाऱ्यांचे हात कोणत्या कामाला लागले. गूळभेंडीच्या कणसाची बोंडे मऊ कशी, की ती चोळल्यावर दाणा टोचल्याशिवाय सुटतो.

सध्या मी पेवाच्या मागे आहे. मंगळवेढ्यात वाढलेल्या प्रत्येक मुलाला दामाजीपंतांची कथा ठाऊक असते: दुष्काळात त्यांनी बहामनी सुलतानाचे धान्याचे कोठार उपाशी लोकांना खुले केले, आणि विठ्ठलाने त्यांची रक्कम बिदरला जाऊन भरली. लहानपणी मला त्या कथेत विठ्ठल दिसायचा. आता मला त्यातले धान्य दिसते, आणि एवढी ज्वारी त्या काळी किडीपासून, ओलीपासून राखायची कशी, हा प्रश्न पडतो. आमच्या भागातले जुने उत्तर पेव हे आहे. जमिनीत खणलेला, तोंडाला अरुंद आणि पोटाला रुंद खड्डा, आतून शेणामातीने लिंपलेला, भोवती कडब्याचा थर, तोंडावर दगडी झाकण आणि झाकणावर माती. आत हवा जात नाही म्हणून कीड जगत नाही, आणि ज्वारी वर्षानुवर्षे राहते. तीच कोंडलेली हवा माणसालाही घातक असते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही, आधी दिवा सोडून पाहतात.

परवा हे सगळे आईला सांगत होते तेव्हा ती मधेच म्हणाली, "आपल्या वाड्यात हाय की. पडवीच्या खाली. मी लग्न हून आले त्या सालाला शेवटचं उघडलं हुतं." लग्न होईपर्यंत मी त्या पडवीत झोपले, अभ्यास केला, माझे लग्नही त्याच पडवीत ठरले, आणि माझ्या पाठीखाली काय आहे हे मला ठाऊक नव्हते. दादाने पहार काढून ठेवली आहे, आणि माळ्यावरचा कंदील पुसला, पण त्यात रॉकेल नव्हते म्हणून गोडेतेलाची पणती दोरीला बांधायची तयारी केली आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत झाकण काढायचे ठरले आहे. पुढच्या शनिवारचे पहाटेच्या एसटीचे तिकीट मी काढले आहे, आणि मुलगी म्हणाली आहे की तीही येते.